सुभेदाराचे सोमवार

४ ऑगस्ट १९२९, रविवार. भिसेगाव

कर्जत स्टेशनच्या मालधक्क्यावरची कारकुनी सुटल्यापासून मी दिवसभर आक्काच्या मागे मागे बोलत फिरतो आणि तिची भाकर करपते, असं तिचं म्हणणं आहे. काल म्हणाली, "मालोजी, बोलायचं ते लिवून ठेव रं. मला सैपाक करू दे." म्हणून ही वही.

घरात आम्ही तिघं. मी, माझी थोरली बहीण गौराबाई म्हणजे आक्का, आणि सुभेदार. सुभेदार हा कुत्रा आहे हे लिहिलेलं बरं, कारण आमच्या आळीत त्याला कुणी कुत्रा म्हणत नाही. कल्याणच्या एका गोऱ्या ड्रायव्हरच्या कुत्रीचं पिल्लू. माझ्या कमरेला लागेल एवढा उंच, छाती खोल, पोट आत ओढलेलं, चाल पेन्शनर लष्करी माणसाची. माझ्या मुलाने, जयवंतने, त्याला वाढवला. दोन वर्षांपूर्वी जयवंतला आफ्रिकेत, मोंबाशाच्या रेल्वेत नोकरी लागली. मी जाऊ नको म्हणत होतो, तो जाणार म्हणत होता, आणि दोघेही नको ते बोललो. निघताना एवढंच म्हणाला, "दादा, मी येईपर्यंत सुभेदाराला सांभाळा."  

कुत्र्याला वळण मात्र छान लावलंय. ताटली पुढ्यात आली तरी मी पहिला घास घेतल्याशिवाय तोंड लावत नाही. आणखी एक नवल म्हणजे सोमवारी माझा उपास असतो, आणि त्या दिवशी सुभेदारही काही खात नाही. कुणी शिकवलेलं नाही. संध्याकाळी मी उपास सोडला की तोही सोडतो. पूर्वजन्मीचं काही पुण्य असणार.

आक्काला उपास जमत नाही. एक वेळचं जेवण टळलं की तिचं डोकं उठतं, मग कपाळाला फडकं बांधून ती साऱ्या घरावर डाफरते.

९ ऑगस्ट, शुक्रवार

पाऊस. उल्हास नदी गढूळ होऊन दोन्ही काठांना लागली आहे. सुभेदाराला फिरवायला पोस्टाच्या बाजूने नेतो, तिकडे चिखल कमी असतो. पोस्टमन आपण होऊनच म्हणाला, "काका, मोंबाशाचं काय आलं नाय." मी विचारलंही नव्हतं.

१२ ऑगस्ट, सोमवार

श्रावणातला पहिला सोमवार. शेजारची जना संध्याकाळी चार बायकांना घेऊन आली. आमचा सुभेदार श्रावणी सोमवार धरतो ही बातमी तिने पार दहिवलीपर्यंत पोचवली आहे. बायकांनी त्याचा उपास सोडायला घरून भात, वालाचं बिरडं, गुळाची खीर आणली होती. एकीने त्याला कुंकूही लावलं.

"काका, मानसाला जमत नाय ते मुक्या जनावराला जमतं बगा," जना म्हणाली. "कोनी तरी साधू आसंल मागल्या जल्मीचा."

मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. चुलीपाशी बसलेली आक्का तिथूनच बोलली, "साधू नाय नि बिधू नाय. मालोजी जेवत नाय म्हनून तो जेवत नाय. भुकेजलाय तो." आक्काला भक्तीतलं कळत नाही.

मी पहिला घास घेतला आणि सुभेदाराने ताटली साफ केली. चावणं नाहीच, नुसतं गिळणं. मागून बादलीतलं पाणी लपालपा प्यायला आणि बायका टाळ्या वाजवतात म्हणून अंगणात गोल गोल धावत सुटला.

नंतर त्याला कसंसंच व्हायला लागलं. बसेना, उभा राहवेना. मान खाली घालून ओकारी काढायचा, पण पडायचा तो नुसता फेस. पोट ढोलकीसारखं ताणलेलं. आक्काने मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या, मी बेंबीभोवती हिंग लावला. बऱ्याच वेळाने त्याने माणसासारखी लांबलचक ढेकर दिली, मग दुसरी, आणि माझ्या पायाशी आडवा झाला. जनाची दृष्ट लागली होती. एवढं कौतुक तोंडावर करायचंच कशाला?

१५ ऑगस्ट, गुरुवार

जनावरांचे डॉक्टर सामंत चौक गावी राहतात, पुण्याच्या सडकेवरच्या गाड्यांचे बैल बघतात. सोमवारी आणि गुरुवारी कर्जतला येऊन स्टेशनापलीकडच्या धर्मशाळेच्या ओट्यावर बसतात. आज मी सहज तिकडून जात होतो, सुभेदार बरोबर होता. गंमत म्हणून त्यांना सोमवारची हकीकत सांगितली. ते हसले नाहीत. बैलाचा खूर हातातून खाली ठेवून त्यांनी मला बाजूला घेतलं.

म्हणाले, अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांना हे होतं. उपाशी पोटी हपापून खाल्लं, अन्नाबरोबर वारा गिळला, वर पाणी प्यायलं आणि लगेच उड्या मारल्या, की पोट फुगतं. कधी कधी ते फुगलेलं पोट आतल्या आत फिरतं, पिशवीचं तोंड पिळावं तसं. मग वारा वरूनही जात नाही, खालूनही जात नाही, आणि काही तासांत जनावर जातं.

"सोमवारी ढेकर आली म्हणून वाचला," ते म्हणाले. "पुन्हा झालं तर ओळखाल का? पोटावर टिचकी मारा, पोकळ वाजेल. ओकारी काढेल पण पडणार काही नाही. लाळ गळेल, एका जागी ठरणार नाही, वळून वळून कुशीकडे बघेल. ओठ उचलून हिरड्या बघा. पांढऱ्या पडल्या असतील तर घरात क्षणभर थांबू नका."

मी म्हणालो, बैल फुगला की आम्ही तेल पाजतो आणि चालवतो, तसं करू का? ते जवळजवळ ओरडलेच. "बैलाचं बैलाला! ह्याला गिळताच येत नसतं, तेल छातीत उतरेल. आणि चालवू-पळवू नका, उचलून आणा. घरचं औषध काही नाही ह्याला. माझ्याकडे आणायचं, एवढंच औषध."

मग विचारलं, "दिवसभर उपाशी का ठेवता?"

"मी नाही ठेवत. तो राहतो."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "चारदा थोडं थोडं द्या. सोमवारीसुद्धा. आणि खाल्ल्यावर बांधून ठेवा."

हो म्हणालो. माझ्या उपासाचं कारण त्यांना सांगितलं नाही. शिकलेली माणसं, त्यांना काय सांगायचं?

१९ ऑगस्ट, सोमवार, दुपारी

डॉक्टरांचा शब्द पाळला. सकाळी दूधभाताची ताटली ठेवली. सुभेदार समोर बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. दुपारी पुन्हा ठेवली, पुन्हा तेच. लाळ गळते आहे पण शिवत नाही. आक्का म्हणाली, "तू एक घास घे, बघ कसा खातो." मी म्हटलं, आज सोमवार आहे. तिने भांडी जोरात आपटली. मी तरी काय करणार? ज्याची त्याची श्रद्धा.

२० ऑगस्ट, मंगळवार

काल जे झालं ते लिहायला हात धजत नव्हता. सगळं लिहून टाकतो.

संध्याकाळी मी उपास सोडला. सुभेदाराला अर्धीच ताटली दिली आणि ओटीवर बांधला. मी पान खायला वळलो तेवढ्यात जनाने मागल्या दाराने येऊन तांदळाच्या खिरीचं अख्खं पातेलं त्याच्यापुढे ठेवलं. तिची काही चूक नाही, पुण्य करायला आली होती. पातेलं रिकामं झालं, आणि त्याच वेळी बाहेरून गोमा आपली बकरी घेऊन चालला होता. गोमा म्हणजे वरच्या वाडीतला ठाकर, आमच्याकडे मोळी टाकतो. बकरी बघून सुभेदाराने दावं तोडलं आणि अंगणभर तिच्याभोवती नाचला.

पान चघळत मी बाहेर आलो तर तो पायरीपाशी चारी पाय फाकून उभा. मान खाली. एकदा ओकारी, फेस. दुसरी, फेस. वळून कुशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पोटावर टिचकी मारली. रिकाम्या डब्यासारखं वाजलं. ओठ उचलला, हिरडी फिकी, चुन्यासारखी होत चाललेली.

आक्का तेलाची बुधली घेऊन आली, जना म्हणाली फिरवून आणा. मी दोघींवर एवढ्या मोठ्याने ओरडलो की मलाच माझा आवाज ओळखेना. घोंगडी अंथरली, सुभेदाराला तिच्यावर आडवा केला, दोन टोकं गोमाने धरली, दोन मी. डॉक्टर दिवेलागणीला चौकच्या टांग्यात बसतात. धर्मशाळा रुळांच्या पलीकडे.

फाटक बंद होतं. मालगाडी उभी होती, घाट चढायला तिला मागून इंजिन लावत होते. किती वेळ लागतो हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक! सारा जन्म मी मालधक्क्यावरून लोकांवर खेकसलो की डब्याखालून जाल तर पोलिसात देईन.

"कसं करायचा, काका?" गोमा म्हणाला.

"डब्याखालून," मी म्हणालो.

घोंगडी खडीवरून ओढत आम्ही दोघे वाकून पलीकडे निघालो. गाडी हलली नाही. हलली असती तर हे लिहायला मी नसतो. सुभेदार कण्हतही नव्हता, तेच मला भ्यायला पुरेसं होतं. मी त्याला सारखा म्हणत होतो, "बाबा रे, जयवंताला काय सांगू? त्याला काय सांगू मी?" गोमासमोर म्हणत होतो, आणि लाज वाटली नाही.

डॉक्टरांचा एक पाय टांग्यात होता. त्यांनी सुभेदाराच्या दातांमध्ये भोक पाडलेला लाकडी ठोकळा धरला आणि भोकातून रबरी नळी घशात घातली. नळी जाईना. दोनदा केलं, नाहीच. मग पोटावर बोटं वाजवत वाजवत जिथे सगळ्यांत पोकळ वाजलं तिथले केस कापले, स्पिरिट लावलं आणि आतून पोकळ असलेली जाड सुई खुपसली. सुस्स आवाज झाला आणि असा वास सुटला की गोमाने नाकाला मुंडासं लावलं. इतका गोड वास मी जन्मात घेतला नव्हता.

वारा उतरल्यावर नळी अलगद आत गेली. खीर बाहेर आली, भात बाहेर आला. डॉक्टर कोमट पाणी घालत होते, काढत होते. शेवटी ते पायरीवर टेकले आणि म्हणाले, "पोट पुरतं फिरलं नव्हतं. फिरलं असतं तर नळी गेलीच नसती आणि माझ्याकडे दुसरा इलाज नव्हता. वेळेवर ओळखलंत."

सुभेदाराने शेपटीचं टोक एकदा हलवलं. मी धर्मशाळेच्या ओट्यावर बसून रडलो. आज नारळी पौर्णिमा. आक्काने नारळीभात केलाच नाही.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

सुभेदार चालतो आहे. पातळ पेज, चार-पाच वेळा, वाटीभर. पण मी खाल्ल्याशिवाय वाटीला तोंड लावत नाही, आजारपणातही नाही. म्हणून त्याच्याबरोबर मीही चार-पाच वेळा खातो. सदऱ्याच्या गुंड्या ताणायला लागल्या आहेत.

काल एक युक्ती केली. रिकामी मूठ तोंडाशी नेली आणि चावल्यासारखं केलं. त्याने जवळ येऊन माझी बोटं हुंगली आणि परत जागेवर जाऊन बसला. जना कुंपणापलीकडून बघत होती. ती आता आळीत काय सांगेल ते सांगो.

एक गोष्ट मात्र मला आता कळली, उशिराच. त्याचे सोमवार माझ्यामुळे होते. आक्का म्हणत होती तेच खरं. तिला तसं सांगितलं नाही, वर्षभर ऐकवील.

२५ ऑगस्ट, रविवार

उद्या सोमवार.

जे कुणाला माहीत नाही ते इथे लिहितो. जयवंत ज्या दिवशी बोटीवर चढला तो सोमवार होता. मी इथेच होतो, पोचवायला गेलो नव्हतो. त्या दिवशी मनात बोललो की पोरगं सुखरूप परत येईपर्यंत दर सोमवारी मी दिवसभर अन्नाला शिवणार नाही. आक्कालाही हे कधी बोललो नाही. तिला वाटतं म्हातारपणी देवाची ओढ लागली.

आता नवस पाळला तर सुभेदार दिवसभर उपाशी, आणि संध्याकाळी तेच पुन्हा. डॉक्टर म्हणाले, एकदा फुगलेलं पोट पुन्हा फुगायला वेळ लागत नाही. नवस मोडला आणि तिकडे परमुलखात पोराला काही झालं तर? आणि नवस धरला, तो आला, आणि दारात उभा राहून त्याने पहिली हाक सुभेदाराला मारली तर?

देवाला विचारलं. देव काही बोलत नाही. आक्काला विचारता येत नाही.

२६ ऑगस्ट, सोमवार

सकाळी वाटी ठेवली. तो बसला. मी बसलो. एकमेकांकडे बघत राहिलो. ऊन-पाऊस चालला होता. त्याची लाळ जमिनीवर पडायला लागली तरी हूं की चूं नाही. बरगड्या दिसायला लागल्या आहेत त्याच्या.

आक्का आली आणि तिने माझ्यापुढेही पान वाढलं. भात आणि आमटी.

"आक्का, आज सोमवार."

"मला ठावं हाय वार. जेव."

"तसं नाही गं. माझं काही..."

"मालोजी," ती म्हणाली, आणि लहानपणी अंघोळ घालताना बोलायची त्या आवाजात म्हणाली, "तू ह्या मुक्याचं बघ. पोराचं बघाया देव हाय नि मी हाय. जेव आता, निवतंय."

मी घास घेतला. नुसता चघळत राहिलो. सुभेदाराने वाटी चाटून पुसून ठेवली, सावकाश, चावून चावून. मी डोळे पुसले आणि दुसरा घास घेतला. मनात म्हटलं, देवा, राग धरायचा तर माझ्यावर धर, पोरावर नको.

आक्का स्वतः जेवायला बसली नाही. म्हणाली, मघाशीच उरकलं.

३० ऑगस्ट, शुक्रवार

मोंबाशाहून कार्ड. प्रकृती ठीक आहे, पुढच्या पावसाळ्याआधी रजा मिळेल असं वाटतं, सुभेदार कसा आहे, पावसात त्याला खोकला होतो, सांभाळा. खाली जरा जागा सोडून बारीक अक्षरात, "दादा, तुम्हीही जपा."

हे कार्ड सुभेदाराला दोनदा वाचून दाखवलं. आक्काला एकदा. तिने ते देव्हाऱ्यात ठेवायला सांगितलं, एरवी ती कागद चुलीपाशी ठेवते.

२ सप्टेंबर, सोमवार

श्रावणातला शेवटचा सोमवार. सकाळी सुभेदार आणि मी पेज घेतली, दुपारी भात. आज घास चघळत बसावं लागलं नाही. मनावरचं दडपण थोडं उतरलं आहे, कसं ते सांगता येणार नाही. जना आली होती. ती म्हणाली, "काका, साधूनं सोमवार सोडला व्हय?" मी म्हटलं, "डॉक्टरांनी सोडवला." ती हिरमुसली. आक्काने तिला आत नेऊन कानात काहीतरी सांगितलं. बाहेर आली ती माझ्याकडे बघून उगीचच हसत होती.

आक्काची तब्येत बरी नाही. सकाळपासून कपाळाला फडकं बांधलं आहे, दुपारी दोनदा मला उगाच डाफरली. श्रावणातली ही दमट हवा तिला सोसत नाही. जेवलीस का विचारलं तर म्हणाली, जेवले. पण दुपारचा भात पातेल्यात जवळजवळ तसाच होता, बहुधा आज जास्त रांधला असेल. गेल्या सोमवारीही असाच उरला होता. उद्या तिच्यासाठी सुंठ आणतो.

सुभेदाराने मात्र आज वळण सोडलं. संध्याकाळची त्याची वाटी मी ओटीवर ठेवली, समोर बसून मी माझा पहिला घासही घेतला. तो उठला आणि वाटी तशीच टाकून आत गेला. जाऊन बघतो तर चुलीपाशी आक्कासमोर ताठ बसलेला, नजर तिच्या हातावर. दिवा लागला तशी आक्काने पान वाढून घेतलं, देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले आणि पहिला घास घेतला. तेव्हा कुठे हा बाहेर आला आणि वाटीला तोंड लावलं. डॉक्टरांना विचारायला हवं, आजारपणामुळे असं होतं का.

आक्का मात्र आज भाताची दोन पानं जेवली, भराभर, मान वर न करता. वय झालं की भुकेलाही वेळकाळ राहत नाही.